जनूभाऊंचं साडेनवाचं ऊन

सूर्य बघायचा तर माणसाने सूर्याकडे तोंड करावं, असं मला सत्तर वर्षं वाटत आलं. आमचे शेजारी जनूभाऊ म्हात्रे सूर्याकडे पाठ करून बसतात नि सूर्य बघतात.

रोज सकाळी साडेनवाला. तेही स्वतःच्या दारात नाही, आमच्या अंगणात. पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. त्याच्या आणि जनूभाऊंच्या घराच्या मधली ही मोकळी जागा. तिथे ते एक खुर्ची मांडतात. खुर्ची बसायला नाही, दुर्बिणीला. दुर्बीण खुर्चीच्या पाठीला सुतळीने जखडलेली, तिच्या एका नळीवर झाकण. दुसऱ्या नळीतून आलेलं ऊन खाली पाटावरच्या पांढऱ्या कागदावर पडतं, बशीएवढं गोल. त्या गोलात बारीक काळे ठिपके दिसतात. ते सूर्यावरचे डाग. जनूभाऊ स्टुलावर बसून, उन्हाला पाठ देऊन, ते डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवून घेतात.

इथवर ठीक. पण त्यांच्या डाव्या हाताशी एक काठी असते. डाग काढता काढता मधेच ती उगारतात आणि ओरडतात, "हाऽऽड! हाऽऽड मेल्या!" कावळ्याला. कावळा असो वा नसो. ज्या अंगणात चोच मारायला शेंगेचं फोलपट नाही, तिथून हा माणूस तासभर कावळे हाकलतो. कारखान्यातले कारागीर खाली मान घालून हसतात. मला हसू येत नसे. मला संताप येत असे, आणि त्याला कारण होतं.

जनूभाऊ चाळीस वर्षं आखणी करत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. अंगाला रंग कुणीही देईल, पण डोळे रेखणारा हात आळीत एखादाच. बुबुळ केसभर सरकलं की देव चकणा. जनूभाऊंच्या हातचा गणपती असा बघायचा की गिऱ्हाईक पाट हातात घेऊन उभंच राहायचं. पुढे हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी आपणहून ब्रश धुऊन ठेवला. "देवाचा डोळा चुकायला नको," म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको सुमन घरात पडली. सुमन माझी मैत्रीण. आळीत तिच्यासारखे पापड कुणाचे नव्हते. तिच्या वाळवणाच्या चादरीचं एक टोक मी किती वर्षं धरलं असेल. ती पडली, कंबर मोडली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या हळूहळू विसरायलाही लागली. मुलगी अलका तिला रोह्याला घेऊन गेली. जावई तिथल्या कंपनीत शिफ्टला. अलका म्हणाली, "बाबा, तुम्ही पण चला." हे म्हणाले, "जावयाच्या घरी राहायचं नाय." झालं! महिन्यातून एकदा संध्याकाळी जायचं, पाहुण्यासारखं दोन तास बसायचं, पाणीसुद्धा न पिता परत यायचं.

आणि बायको तिकडे जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर आळीतल्या हनीफभाईंच्या बोटीवर कामाला असलेल्या मुलाने दुबईहून पाठवलेली दुर्बीण मागून आणली. बायको रोह्याला गेली नि हे सूर्यात गेले. मला सांगा, संताप येईल नाही तर काय येईल?

बरं, गेले ते पुरते गेले. सातवी शिकलेला माणूस, पण मोबाईलवर कुठून कुठून शोधून, इंग्रजीचं मराठी करून घेऊन सगळं वाचलं. सूर्यावरच्या डागांपाशी ज्वाळा कशा उठतात, ते मला माझ्याच सुतळीच्या रिळावर शिकवायला आले. "वहिनी, हे चुंबकाचे पीळ समजा. पिळत जायचं, पिळत जायचं. शेवटी तुटतात. पण तुटून थांबत नाय, दुसऱ्या टोकाशी जुळतात. त्या जुळण्यातनं ज्वाळा निघते."

"भावकीत पण असंच असतं," मी म्हटलं.

"व्हय, पण भावकीतनं एक्स-रे निघत नाय."

या ज्वाळांची प्रतवारी असते म्हणे. ए, बी, सी, मग एकदम एम, मग एक्स. दर अक्षराला ताकद दहापट. मधली अक्षरं कुठे गेली विचारलं, तर म्हणाले, "ते शास्त्रज्ञांना विचारा, मी नाय खाल्ली." पुढे त्यांनी ही मापं आळीतल्या माणसांना लावली. नळाला पाणी न येता बिल आलं की समोरच्या कुंदाची एम दोन. माझ्या नितीनला गिऱ्हाइकाने नाक बदलून मागितलं की सी आठ. मला मात्र एक्सच्या खाली कधी उतरवलं नाही. मी पदर खोचून दारात आले की हे कागदावरची मान न उचलता म्हणायचे, "आल्या. एक्स एक दशांश चार."

आणि वर, "आठ मिनिटं थांबा वहिनी, मग पोचेल." सूर्याचा उजेड इथे यायला आठ मिनिटं लागतात, म्हणून आपण बघतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा, हे त्यांचं लाडकं तत्त्व. उसनी नेलेली करवत परत मागितली तरी आठ मिनिटं. करवत अजून आलेली नाही.

परवा परवा म्हणाले, "नवीन शोध लागलाय. ज्वाळेत हलके कण किती तापतात ते ठाऊक होतं. आता म्हणतात, जड कण त्याच्याहून कितीतरी जास्त तापतात. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात नाय आलं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी काय समजायचं ते समजले आणि आत निघून आले.

चुकायचेही, नाही असं नाही. पहिल्याच वर्षी एका सकाळी आळीभर ओरडत फिरले, "डागांचा थवा आलाय! पंधरा हायत! मोठी ज्वाळा उठणार, बोटीवरचे रेडिओ मुके होणार!" हनीफभाईंनी घाबरून मुलाला दुबईला फोन लावला. दुपारी पाहतो तर नितीनच्या स्प्रेगनचे थेंब वाऱ्याने उडून यांच्या कागदावर बसलेले. तो दिवस उंदीर रंगवायचा होता. डाग सूर्याचे नव्हते, गणपतीच्या उंदराचे होते. तेव्हापासून जनूभाऊ आधी कागद हलवून बघतात. डाग कागदाबरोबर हलला तर तो उंदराचा.

पण स्वतः चुकलेला माणूस दुसऱ्याला माफ करील तर शपथ. वर्तमानपत्रात 'सूर्य कोपला' असा मथळा आला, तर यांनी संपादकाला पत्र पाठवलं: 'सूर्य कोपत नाही. कोपतात ती माणसे. सूर्याचे काम चालू आहे, तुमचे तुम्ही बघा.' छापलं नाही, म्हणून दुसरं पाठवलं. आणि मागच्या वर्षी मोबाईलवर एक निरोप फिरला की सौर वादळ येतंय, मोबाईल बंद ठेवा, उन्हातलं वाळवण आत घ्या, विषारी किरण उतरतात. आळीतल्या बायकांनी भराभर पापडांच्या चादरी गुंडाळल्या. त्या दिवशी जनूभाऊ दारोदार फिरले. संतापाने तोंड लाल.

"कुणी सांगितलं गो तुम्हाला? ते किरण वर हवेतच अडतात! खाली येतंय ते रोजचंच ऊन हाय! पापडाला काय होतंय? घाला बाहेर! चांगलं ऊन वाया घालवता, लाज नाय वाटत?"

कुंदाची चादर तर त्यांनी स्वतः उलगडून पसरली. पापड कुणाचे, राग कुणाला, असं मी तेव्हा म्हणाले होते. तिथेच मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं माझ्या रागात होतं.

तर यंदाच्या शिमग्यानंतरची गोष्ट. नितीन म्हणाला, "आई, शाडूच्या मूर्तींची मागणी वाढलीये. शाडूला सावली पाहिजे, उन्हात धरली की तडकते. अंगणावर पत्रे टाकून घेतो." मी म्हटलं, टाक. जागा आपली, धंदा आपला. जनूभाऊंच्या घराच्या तीन बाजूंना इमारती उठल्यात. साडेनवाला ऊन पडतं ते फक्त आमच्या अंगणात, एका चादरीएवढ्या जागेत, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यासाठी शाडू तडकू द्यायची का?

खांबांचे खड्डे झाले. सकाळी बाहेर आरडाओरडा ऐकून आले तर जनूभाऊ खड्ड्यात स्टूल टाकून बसलेले. गुडघ्यापर्यंत खड्ड्यात, वर कागद, दुर्बीण, काठी, सगळा संसार मांडलेला.

"काका, उठा ना. खांब रोवायचाय," नितीन म्हणत होता.

"रोव. माझ्या डोक्यावर रोव."

"काका, जागा आमची हाय."

"जागा तुझी हाय रे, मी कुठं नाय म्हणतो? ऊन कुणाचं?"

मी पुढे झाले. "जनूभाऊ, हा काय तमाशा? समोर चार मजली बिल्डिंग आहे, तिच्या गच्चीवर जाऊन बसा. तिथे दिवसभर ऊन."

"तिथलं ऊन मला काय करायचंय? मला अंगणातलं बघायचं हाय."

"अंगणाचा सूर्य वेगळा आहे का? तुम्हीच सांगता ना आम्हाला शास्त्र?"

जनूभाऊंनी काठी घट्ट धरली आणि म्हणाले, "वहिनी, तुमची आज एक्स पाच दिसते."

मग माझा तोल गेला. तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. "एक्स पाच नाही, पन्नास म्हणा! तिकडे बायको रोह्याला भिंतीकडे तोंड करून पडलीये, आणि तुम्ही इथे सूर्याचे डाग मोजताय? सूर्याला तुमची गरज आहे का तिला? एवढं शास्त्र वाचलंत, नि जावयाच्या घरचं पाणी चालत नाही! लाज वाटायची तर तुम्हाला वाटायला हवी, आळीतल्या बायकांना नाही!"

कारागीर हातातलं काम सोडून बघायला लागले. नितीनसुद्धा म्हणाला, "आई, जाऊ दे."

जनूभाऊ काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साडेनऊ. रोज या वेळी वाजतो आणि ते तो घेऊन आपल्या भिंतीशी जातात, मला वाटायचं असेल कुणी सूर्यवाला दोस्त. आज खड्डा सोडला असता तर खांब उभा राहिला असता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. आधी अलकाचा आवाज आला, "बाबा, देते हां." आणि मग सुमनचा.

"अवो, ऊन कसं हाय?"

जनूभाऊ खड्ड्यातूनच कागदावर वाकले. कागद सरळ केला. तो उन्हाचा गोल नीट निरखून बघितला, मूर्तीचा डोळा बघावा तसा.

"चांगलं हाय. कडक. ढग नाय."

"मग पापड घालू?"

"घाल."

"धुतलेली चादर घ्या. नि कावळे बघा. मागं डोळा लागला तुमचा."

"नाय लागणार. काठी घेऊन बसलोय."

"शेजारची हाय का तिथं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हाय. इथंच उभी हाय."

"गो, ऐकतेस का? मिरी कुटशील ती जाड ठेवू नको. मागच्या खेपेला जाड राहिली."

"बरं गो," मी म्हटलं. फोन बंद झाला. जनूभाऊंनी काठी उचलली आणि रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाले, "हाऽऽड!" पण हळू.

कारागीर आपापल्या मूर्तींकडे वळले. कुणी हसलं नाही. आणि मी? ज्या चादरीचं टोक वर्षानुवर्षं धरलं ती चादर याच जागी पसरायची, हे विसरून मी तीन वर्षं त्या माणसावर ओरडत होते.

"न बघता सांगितलं तर नाही का चालत?" मी विचारलं.

"एकदा सांगितलं. ताप होता, अंथरुणातनं म्हटलं, ऊन हाय. ती म्हणाली, तुम्ही अंगणात नाय. कसं कळलं कोण जाणे. दिवसभर जेवली नाय." पेन्सिल उचलत म्हणाले, "मग रोज येऊन बसायला लागलो. नुसतं बसून काय करू वहिनी? आखणीवाला माणूस. समोर गोल पडला की त्यात काहीतरी रेखावंसं वाटतं."

"आणि जावयाचं घर?"

"ते आपलं सांगायला. मी सकाळी तिथं तिच्यापुढं बसलो, तर इथं कोण हाय असं तिला वाटेल. तिला कळेल, घर बंद झालं, अंगण बंद झालं. मी इथनं सांगतो तवर तिचं सगळं चालू हाय."

मी नितीनकडे वळले. म्हटलं, पत्रे टाक, पण मधे चादरीएवढं आभाळ उघडं ठेव. तो म्हणाला, "आई, त्या उन्हात शाडू तडकेल." मी म्हटलं, "तडकली तर मी लिंपीन. मूर्ती सरकवून ठेव, हातपाय आहेत तुला." नितीनने तोंड वाकडं केलं, पण आभाळ उघडं ठेवलं.

माझा राग तरीही गेला नव्हता. राग असा उठला की जायला वेळ घेतो. "ऊन नुसतं सांगता कशाला? तिला दाखवा की एकदा. ही खुर्ची, हा कागद घेऊन चला रोह्याला. गच्चीवर मांडू."

"नि तिला कळलं तर?"

"आणि नाही कळलं तर? तुमच्या त्या ज्वाळा कधी उठणार ते तुम्हाला तरी आधी कळतं का?"

"विचार करतो. आठ मिनिटं द्या."

तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी मी म्हटलं, "फार लांबली तुमची आठ मिनिटं."

"वहिनी, उजेड आठ मिनिटांत येतो," ते म्हणाले. "पण ज्वाळेबरोबर कधी कधी जो जड ढग सुटतो ना, त्याला पोचायला दोन-तीन दिवस लागतात." आणि खुर्चीची सुतळी तपासायला लागले. तेव्हा मी समजले की निघायचंय.

रविवारी पहाटेच्या एसटीने निघालो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, खुर्चीला बसायला जागा दिलीत, तुम्ही उभे?" जनूभाऊ म्हणाले, "तिचा डोळा नाजूक हाय." नागोठण्यापर्यंत कंडक्टर विचार करत होता.

रोह्याला जावई नुकता नाईट शिफ्ट करून आलेला. झोपायचं सोडून त्याने सुमनला अलगद उचललं आणि दोन जिने चढून गच्चीवर आणलं. जनूभाऊ ते खालच्या पायरीवरून बघत राहिले. मग अलकाला म्हणाले, "पाणी दे गो जरा." अलका माझ्याकडे बघायला लागली. मी डोळ्यांनीच म्हटलं, दे, काही बोलू नको.

गच्चीवर खुर्ची मांडली, पाट ठेवला, कागद लावला. साडेनऊ झाले होते. गोल पडला. त्या दिवशी डाग बरेच होते, एका बाजूला दाट, दुसरीकडे दोन-चार. जनूभाऊंनी सवयीने कागद हलवून बघितला. डाग जागच्या जागी. सूर्याचेच.

सुमन दुसऱ्या खुर्चीत शालीत बसलेली. किती वाळली होती. आधी तिने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिला कळलं की काय? जनूभाऊंनी कागदाकडे बोट केलं. ते घाईने म्हणाले, "ऊन बघ गो. कसं हाय?"

तिने खाली बघितलं. मग वाकून, त्या पांढऱ्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण फेरी.

"कुणी लाटला हो हा?"

हाच तो माणूस. डागाला कुणी ठिपका म्हटलं तरी ज्याला चालत नाही. संपादकाला दोन पत्रं लिहिणारा. तो म्हणाला, "मी."

"गोल लाटलाय. शिकलात शेवटी." मग तिने एकेका डागावर बोट ठेवलं आणि मान वळवून माझ्यावर डोळे वटारले. "गो, मिरी जाड राहिली. सांगितलं होतं ना तुला?"

"चुकलं गो," मी म्हटलं. "पुढच्या खेपेला बारीक कुटीन."

"हं. राहू दे आता. वाळू दे." ती मागे टेकली. उन्हाने तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "कावळे बघा."

जनूभाऊंनी डावीकडे हात नेला. काठी पेणला राहिली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघं उभे राहिलो, त्यांनी उपरणं सोडलं, मी पदर हातात घेतला, आणि त्या रिकाम्या गच्चीवरून कावळे हाकलायला लागलो.